वेशीबाहेरचा डेटाबेस

"बॅकअप आसा काय?" मी विचारलं.

"आसा ना," तन्वी म्हणाली.

"मगे?"

"त्याच डिस्कवर आसा."

मला राग आला तरी तो बाहेर पडायला फार वेळ लागतो, आणि तोवर समोरचा माणूस उठून गेलेला असतो. पण त्या दिवशी तन्वी तरी कुठे जाणार होती? अख्खं गाव वेशीबाहेर, कापलेल्या भाताच्या मळ्यात खोपी घालून बसलं होतं. देव सांगेपर्यंत कोणी आत जाणार नव्हतं.

ज्यांनी गावपळण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आचऱ्याच्या बाजूला अशी चार-दोन गावं आहेत, त्यातलंच आमचं एक. काही वर्षांनी एकदा देव कौल देतो आणि गाव रिकामं होतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी वेशीपलीकडे. तीन दिवस गाव देवाचं. मग चौथ्या सकाळी वेशीवरच्या थळावर, म्हणजे देवाच्या जागेवर, पुन्हा कौल लावतात. देवाने हो म्हटलं तर परतायचं, नाही म्हटलं तर आणखी एक दिवस मुक्काम.

आमच्या घरी गावपळणीला कुलूप लावत नाहीत. देव राखणीला असताना कुलूप लावणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं माझ्या थोरल्या भावाचं, हरिश्चंद्रदादाचं मत. दादा देवस्थानाचा मानकरी, त्यामुळे घरात मत एकच असतं. निघताना त्याने तन्वीच्या हातातून किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला. "कुलूप नाय तर किल्ली कित्याक व्हयी?" म्हणाला, आणि जुडगा पडवीतल्या खुंटीला अडकवायला आत गेला.

त्या जुडग्यात तन्वीच्या ऑफिसची चावी होती. चावी म्हणजे दाराची नव्हे. बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, पेनड्राइव्हसारखी वस्तू. ती लॅपटॉपला लावायची, तिच्यावर बोट टेकायचं, मगच कंपनीच्या यंत्रणेत काही बदल करता येतो. हरवू नये म्हणून तन्वीने ती घराच्या किल्ल्यांत ओवली होती. निघायच्या गडबडीत ती गोष्ट तिच्या लक्षात राहिली नाही. कोंबड्या पकडायच्या होत्या.

तन्वी दादाची मुलगी. पुण्यातल्या एका कंपनीचं काम ती घरी बसून करते. मी गावच्या वाचनालयात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर आपण नेमकं काय केलं असा प्रश्न स्वतःला विचारत पडवीत बसत असे. एकदा बोलता बोलता मी तिला म्हटलं, लहानपणी ऐकलेले शब्द आता ऐकू येत नाहीत. तिने ते मनावर घेतलं. लोकांनी फोनवर शब्द बोलायचा, त्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा, आणि तो कायमचा राहणार, अशी एक वेबसाइट तिने केली. तिच्या कंपनीत कर्मचाऱ्यांना स्वतःच्या हौसेसाठी थोडी जागा वापरू देतात, तिथे. मला वाटलं, कोण पाठवणार? पण लोक पाठवायला लागले. रापण ओढणाऱ्यांनी जाळ्याच्या प्रत्येक भागाचं नाव पाठवलं. बायकांनी भांड्यांची, पिठांची, शिव्यांचीही नावं पाठवली. शेजारची म्हातारी सत्यवतीकाकी तर रोज दुपारी जेवण झालं की फोनवर ओरडून एकेक शब्द सांगायची. पाठीमागे कोंबड्यांचा कलकलाट असायचा, तोही राहिला.

यातलं काहीही कागदावर नव्हतं. कागदावर उतरवावं असं मला एकदा वाटलं होतं, पण मला पुष्कळदा पुष्कळ काही वाटतं.

"ह्यां सगळा रवता खंय?" मी तिला सुरुवातीलाच विचारलं होतं.

"क्लस्टरवर. म्हणजे क्लाऊड कंपनीची खूप मशीनां. आपलो प्रोग्राम एका डब्यात असता, तेका कंटेनर म्हणतत. एक मशीन बिघडला तर डबो उचलून दुसऱ्या मशीनवर. आपण काय बघूक नको. सगळा तीच कंपनी सांभाळता."

"आणि शब्द?"

"ते डेटाबेसमध्ये. डेटाबेस पण डब्यातच. फक्त तेची डिस्क वेगळी. डबो हललो तरी डिस्क तशीच रवता."

जी वस्तू केव्हाही उचलून हलवायची म्हणून बनवली आहे, तिच्यात मुळीच हलू नये अशी गोष्ट ठेवायची, हे मला चमत्कारिक वाटलं. विचारलं नाही. ती शिकलेली आहे.

आता त्या क्लाऊड कंपनीला मधूनमधून आपली मशीनं नवी करावी लागतात. तुमच्या सोयीचे दिवस सांगा, असं ती विचारते. तन्वीने गावपळणीचे दिवस दिले. "गावात कोणच नाय, शब्द पाठवतलो कोण?" असं ती म्हणाली आणि मीही मान डोलावली. आमच्या दोघांच्याही डोक्यात हे आलं नाही की गाव रिकामं झालं तरी माणसं कुठे नाहीशी होणार होती? उलट तीच तर रिकामी झाली होती. मळ्यात बसून दिवसभर करायचं काय? पत्ते झाले, गजाली झाल्या, मग प्रत्येकाने फोन काढला. पूर्वी कधी आले नव्हते इतके शब्द त्या पहिल्या दिवशी आले. सत्यवतीकाकीने तर सकाळपासून खोपीबाहेर बसकण मारली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी साइट बंद पडली.

तन्वीने पेंढ्याच्या भाऱ्यावर लॅपटॉप ठेवला, फोनचं इंटरनेट जोडलं आणि बराच वेळ बघत बसली. बघण्यापुरता तिला चावीशिवाय प्रवेश होता.

"पेंडिंग दाखवता," ती म्हणाली.

"काय पेंडिंग?" दादा तंबाखू मळत होता.

"बाबा, क्लाऊडवाल्यांनी मशीनां बदलल्यानी. आपलो डबो जुन्या मशीनवरसून काढल्यानी. नवीन मशीन गावला ता दुसऱ्या झोनमधला. झोन म्हणजे वेगळी इमारत समजा. आणि डिस्क पयल्या झोनमध्ये. ती थयसून हलणा नाय. डबो डिस्केशिवाय चालू होणा नाय."

दादाने तंबाखू दाढेखाली सारली. "म्हणजे तुझ्या डब्याची पण गावपळण झाली. घर आत, माणूस भायर."

"बाबा, मी लिवान ठेवललंय, ह्या डब्याक हलवू नकात म्हणान. तासभर थांबले. मगे हलवल्यानीच."

"तासभर थांबले मां? तुझी आवस निघताना माका पाच मिनटां थांबूक नाय."

आजूबाजूचे हसले. तन्वी हसली नाही. म्हणाली, उपाय सोपा आहे, पहिल्या झोनमध्ये एक मशीन चालू करायचं, चहा होईपर्यंत काम होईल. आणि तिने हात पुढे केला. तो रिकामा हात बघता बघता तिचा चेहरा उतरला. तेव्हा आम्हा सगळ्यांना जुडगा आठवला.

तरीही मी म्हटलं, ठीक आहे, शब्द डिस्कवर आहेत ना, उद्या-परवा गाव भरलं की करू. त्यावर तिने मला एक ईमेल दाखवलं. तिच्या कंपनीत खर्च वाचवायला एक साफसफाईचा प्रोग्राम ठेवलेला आहे. जी डिस्क कोणी वापरत नाही ती तो शोधतो, आणि ठरावीक वेळ गेला की कोणाला न विचारता काढून टाकतो. आमची डिस्क त्याला सापडली होती. कौलाच्या दिवशी संध्याकाळी ती जाणार होती.

ते ईमेल मी दोनदा वाचलं. फार सभ्य भाषेत होतं. मग मी तिला बॅकअपचं विचारलं.

कौलाच्या दिवशी उजाडताच सगळे थळावर जमले. धोंडू गुरवाने पाषाणाला पाणी घातलं, दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर परत जायचं. डावी पडली. तीही लगेच, जणू देव तयारच बसला होता. आणखी एक दिवस मुक्काम. लोकांना आनंद झाला. जवळच्याच खोपीत कोंबडी कापायचं ठरलं. मी तिथेच दगडावर बसलो. देवावर चिडायची मला सवय नाही, त्यामुळे कसं चिडावं हे समजेना.

तन्वीने बांधावर उभं राहून तिच्या साहेबांना, जितेंद्र नावाचे आहेत, फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता.

"तन्वी, ते साफसफाईचं दुसऱ्या टीमकडे आहे. तिकीट टाक, तक्रार नोंदली जाईल."

"टाकलंय सर."

"मग सोमवारी बघतील."

"सर, डिस्क आज संध्याकाळी जाणार."

"मग अर्जंट म्हणून टाक ना."

"अर्जंटच टाकलंय."

"हां, मग सोमवारी सकाळी बघतील. तुझी चावी कुठे आहे?"

"घरी."

"घर किती लांब आहे?"

तन्वीने मान वळवून पाहिलं. माडांच्या मधून आमच्या घराची कौलं दिसत होती. "दिसतंय इथून," ती म्हणाली.

"मग जाऊन घेऊन ये की!"

"सर, देवाने अजून सोडलेलं नाही."

पलीकडे कीबोर्डचा आवाज येत होता, तो थांबला. मग जितेंद्रसाहेब म्हणाले, "बरं. काळजी घे," आणि फोन बंद झाला.

ती सरळ दादाकडे गेली. "बाबा, मी धावत जातंय नि येतंय."

"नाय."

"कोण बघता थंय?"

"जो बघता तेच्यासाठीच गाव सोडलाव मां?"

"बाबा, सगळ्या गावाचे शब्द आसत ते!"

"आणि गाव कोणाचो?" दादाने विचारलं. तो आवाज चढवत नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नाही. मी मधे काही बोलावं म्हणून तन्वीने माझ्याकडे बघितलं. मी पायाखालचा भाताचा खुंट बघत होतो.

वाट निघाली ती धोंडूच्या तोंडून. तो म्हणाला, "भांडतास कशाक? एकल्याक आत सोडशी काय, म्हणान देवाक इचारूया. वेगळो कौल लावतंय. पण माका नीट सांगा, देवाक सांगू काय?"

तन्वी सांगायला लागली. क्लस्टर, झोन, डिस्क. धोंडू हात जोडून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "गो बाय, माकाच कळला नाय तर देवाक काय सांगतलंय? साध्यात सांग."

"गुरुदासाक सांगूंदे," कोणीतरी म्हणालं. "तेचाच काम आसा ता."

गुरुदास म्हणजे मी. आतापर्यंत अर्धं गाव थळाभोवती गोळा झालं होतं. वाचनालयात माझ्यासमोर एका वेळी तीनपेक्षा जास्त माणसं कधी उभी राहिली नाहीत, आणि तीही पुस्तक बदलून निघून जात. मी उभा राहिलो. मनात आलं, इथे लोक कौल लावतात तो आजारासाठी, लग्नासाठी, समुद्रात गेलेल्या होडीसाठी. आणि मी काय मागणार? एका म्हाताऱ्याला करमेना म्हणून जमवलेले शब्द? देवाने काय म्हणावं?

"राहूंदे," मी म्हणालो. "एवढा काय मोठा नाय ता. देवाक कशाक तरास?"

तन्वीने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा खुंटाकडे वळलो. ती काही बोलणार इतक्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला. सत्यवतीकाकी. लोकांनी वाट दिली.

"काय राहूंदे, रे?"

"काकी, ते शब्द..."

"मी सांगलंय ते पण थंयच आसत मां?"

"व्हय."

"मगे ते तुझे कशे? तू कोण राहूंदे म्हणणारो? माका इचारलंस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"माझ्या नावावर ना माड, ना आंबो. सगळा घोवाचा, तो गेलो, आता झिलाचा. शब्द तेवढे माझे म्हणान तुझ्या थंय घातलंय. ते पण टाकतलंस? इतक्या वर्सां पुस्तकां राखलंस ती लोकांची म्हणान राखलंस मां? की ती पण तुझी होती?"

"सांग रे गुरुदास!" कोणीतरी ओरडलं. "जल्मभर वाचल्यान, आता बोलूची येळ इली तर वाचा बसली!"

हशा झाला. माझे कान तापले. मी धोंडूजवळ जाऊन हळूच सांगायला लागलो, तर तो म्हणाला, "मोठ्यान सांग. माका नको, देवाक आयकूक जाऊंदे."

तेव्हा मी मोठ्याने सांगितलं. गावच्या माणसांनी आपल्या तोंडचे शब्द एका जागी ठेवले आहेत. ते आज संध्याकाळी पुसून जातील. ते राखायची चावी आमच्या पडवीत खुंटीला आहे. एवढंच. दोन दिवस तन्वी मला समजावत होती, मी तिला समजावत होतो, आणि सांगायचं होतं ते एवढंच निघालं. मला स्वतःचाच संताप आला.

धोंडूने पुन्हा पाकळ्या लावल्या आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकरांनी आपल्या तोंडचे बोल एके ठायी ठेवलेले आसत, ते आज सांजेक जातले, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात.

"तेंची चावी गुरुदासाच्या पडवेत आसा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती हाडूक एकल्याक आत सोडशीत तर उजवी दी, नाय तर डावी दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि काहीच पडेना. सकाळी नको असताना झटकन पडली होती, आता दोन्ही पाकळ्या डिंकाने चिकटवल्यासारख्या. ऊन चढलं. कोणाची तरी कोंबडी थळावर चढली, तिला हाकललं. "देवाकडे पण पेंडिंग दिसता," मागून एक जण पुटपुटला. तन्वी फोनवर वेळ बघत होती. दादा पहिल्या रांगेत हात जोडून उभा होता, आणि त्याचे ओठ हलत होते. तो काय मागत होता ते मला कळलं नाही. त्याला विचारायची सोय नाही.

उजवी पडली.

तन्वी लगेच निघाली, पण धोंडूने तिला अडवलं. "तू नाय. जेणां सांगल्यान तेणांच जावचा. खंय थांबूचा नाय, तोंडातसून शब्द काढूचो नाय."

"अहो, पण काकांका ती चावी ओळखूची नाय!"

"देवान गुरुदासाचा आयकल्यान. तुझा नाय."

आयुष्यात पहिल्यांदा मला मोठमोठ्याने बडबड करायची होती. देवाला, दादाला, पुण्याच्या कंपनीला, डिस्क असलेल्या त्या इमारतीला. आणि नेमकं तेव्हाच बोलायची बंदी. मी वेस ओलांडली.

रिकाम्या गावात मी पूर्वी कधी गेलो नव्हतो. जायचं नसतंच. खळ्यांत पाला साचला होता. वाटेत नारळ पडून होते, कोणी उचललेले नव्हते. दारं उघडी, आतला काळोख दिसत होता. आपण दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरलोय असं प्रत्येक पावलाला वाटत होतं. आपल्याच घरात शिरतानाही तेच वाटलं.

पडवीत खुंटीवर जुडगा नव्हता.

मी तिन्ही खुंट्या बघितल्या. एकीवर छत्री, एकीवर रिकामी पिशवी, एकीवर दादाचा जुना सदरा. हाक मारून विचारायची सोय नाही. ज्याला विचारायचं तो वेशीबाहेर हात जोडून उभा. मी जमिनीवर बघितलं, कोनाड्यात बघितलं. मग काय सुचलं कोण जाणे, सदरा उचलला. त्याच्या खाली जुडगा होता. चोराच्या नजरेस पडू नये म्हणून झाकलेला. देवावर विश्वास होता, वरून सदरा घातला होता.

त्या पडवीत एकटा उभा राहून मी हसलो असेन, पण आवाज केला नाही.

जुडगा हातात घेऊन परत आलो तेव्हा मी घामाने भिजलो होतो. दादाने जुडगा बघितला, मग माझं तोंड बघितलं, आणि तो गुरांना पाणी दाखवायला निघून गेला.

तन्वीने चावी लावली, बोट टेकलं. पहिल्या झोनमध्ये मशीन मागितलं. आम्ही सगळे पेंढ्याभोवती वाकलो. पेंडिंग. पेंडिंग. कोणीतरी म्हणालं, "गाऱ्हाणा घालूक होया काय?" तन्वी म्हणाली, "गप्प रवा." पेंडिंग. मग तो शब्द बदलला, आणखी काही बदललं, आणि शेवटी हिरवं होऊन 'रनिंग' आलं. तन्वीने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

"चालू झाला?" सत्यवतीकाकी म्हणाली. "माझा लाव बघू."

कोणीतरी तिला तिचाच 'आडसर' लावून दिला. शहाळ्याच्या पुढचा, नारळाच्या अगोदरचा, असं ती त्यात सांगत होती. काकीने कान लावून ऐकलं आणि नाक मुरडलं.

"अर्धाच सांगलंय. आरोंद्याक माझ्या माहेराक तेका खावची रीत वेगळी. ती रवली सांगूक. हाड तो फोन."

"आता कोणी काय घालू नकात!" तन्वी ओरडली. "आधी कॉपी काढतंय, दुसऱ्या जाग्यार. मगे घाला."

पण काकीमागे एक जण उभा राहिला होता. त्याच्यामागे आणखी एक. प्रत्येकाला काहीतरी राहिलेलं आठवत होतं, कोणाला आपलं सांगितलेलं चुकलं असं वाटत होतं. तन्वी रडकुंडीला आली. "काका, तुम्ही तरी सांगा तेंका! परत काय झाला तर?"

मी उभा राहिलो. "थांबा," मी म्हणालो, आणि आश्चर्य म्हणजे सगळे थांबले. "वायच थांबा. कॉपी होऊंदे."

"किती येळ?" काकीने विचारलं.

"धा मिनटां," तन्वी म्हणाली.

"आणि धा मिनटांत मी गेलंय तर?"

मी तन्वीकडे बघितलं. तिचं बरोबर होतं, पूर्ण बरोबर होतं. मी फोन काकीच्या तोंडाजवळ धरला.

"बोल काकी," मी म्हणालो.

तन्वीने कपाळावर हात मारून घेतला, आणि काकी कोंबड्यांच्या वरताण आवाजात बोलायला लागली, "आडसर म्हणजे..."